ताकारीला गाडी थांबते

फेब्रुवारीतला एक शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि बाबांना विचारलं, कुठे जाऊया? बाबा आता पंचाहत्तरीला आलेत, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे मला वाटलं पाचगणी नाहीतर गणपतीपुळे म्हणतील. ते म्हणाले, "पॅसेंजरने जाऊ. कोल्हापूरच्या. कुठंतरी उतरू." ताईने फोनवर लगेच विरोध केला, की अगं गाडी आहे ना आपल्याकडे, हायवेने तीन तासांत कराड येतं, त्यांना कशाला त्या लाकडी-लोखंडी बाकावर सहा-सहा तास बसवतेस. पण बाबांचा आवाज मी ऐकला होता. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही, म्हणून म्हणलं जायचं म्हणजे जायचं.

बाबा मूळचे ताकारीच्या बाजूचे. सांगली जिल्हा, कृष्णेचा काठ, ऊस. ताकारी हे नाव बहुतेकांनी उपसा सिंचन योजनेमुळे ऐकलेलं असतं, पण आमच्या घरात ताकारी म्हणजे स्टेशन. बाबा तिथून पॅसेंजर पकडून सांगलीला कॉलेजला जायचे, तेव्हा ही लाईन मीटरगेज होती आणि कोळशाचं इंजिन असायचं. पांढरा शर्ट घालून गेलं की संध्याकाळी परत येताना कॉलर काळी, आणि आजी रोज ओरडायची की खिडकीत बसू नकोस, आणि हे रोज खिडकीतच बसायचे. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज ब्रॉडगेज झाली आणि त्याच काळात बाबा नोकरीला पुण्यात आले. त्यानंतर गावाला जायचं म्हणजे एसटी, मग सुमो, मग आमची स्वतःची गाडी. पॅसेंजर सुटली ती सुटलीच.

तर प्लॅन असा ठरला, म्हणजे मी ठरवला आणि बाबांनी त्यात बदल केले. शनिवारी पुण्याहून पॅसेंजरने रहिमतपूर, तिथून औंध, रात्री औंधात मुक्काम. रविवारी परत रहिमतपूर, तीच पॅसेंजर पकडून पुढे किर्लोस्करवाडी, आणि संध्याकाळच्या एक्स्प्रेसने पुणे. औंध का, तर बाबांना भवानी संग्रहालय परत बघायचं होतं. आणि किर्लोस्करवाडी का, तर ताकारीच्या पुढचं स्टेशन आहे, म्हणजे ताकारी वाटेत येतं. हे दुसरं कारण त्यांनी सांगितलं नाही, मला कळलं.

तिकीट मोबाईलवर पण निघतं, पण बाबांना खिडकीवरचंच हवं होतं. मी दोन रहिमतपूर म्हणल्यावर आतल्या बाईंनी आकडा सांगितला तो इतका कमी होता की बाबांनी परत विचारलं, दोघांचे का एकाचे. दोघांचे.

पुणे स्टेशनात गाडी लागली तेव्हा जागा मिळेल का ही धाकधूक होती पण मिळाली, समोरासमोर खिडक्या. डब्यात कोण कोण होतं सांगते. जेजुरीला निघालेलं एक नवीन जोडपं, हातात हिरवा चुडा, बरोबर सासूबाई आणि करवली. लोणंदच्या कांदा मार्केटला निघालेले दोन काका, ज्यांचं पुणे ते लोणंद फक्त भावावर बोलणं झालं. आणि वाल्ह्याची एक आजी, पिशवीत कोंबडीची तीन पिल्लं, पिशवीला भोकं पाडलेली. एक्स्प्रेसच्या रिझर्वेशनच्या डब्यात तुम्हाला शेजारच्याचं नाव पण कळत नाही. इथे सासवड रोड यायच्या आत आजींनी आम्हाला विचारून टाकलं होतं, "कुठनं आलाय, कुणाकडं निघालाय, आन् ही लेक का सून?" बाबांनी लेक म्हणल्यावर आजींनी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बापाला घिऊन निघालीस, चांगलं क्येलंस."

आळंदी स्टेशन गेलं (देवाची आळंदी नव्हे, ही वेगळी) की गाडी शिंदवणे घाटात चढायला लागते. कारने सासवडला दिवे घाटातून जाणाऱ्यांना हा घाट माहीतच नसतो. माळावरचं पिवळं गवत, मध्येच कातळ, मध्येच बोगदा, आणि बोगदा आला की डब्यातली सगळी पोरं ओरडणार, हे बाबांच्या काळात पण होतं म्हणे. वर आलं की आंबळे, मग राजेवाडी. पुरंदरचं अंजीर ज्यांनी फक्त पुण्यातल्या फळवाल्याकडे पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये बघितलंय त्यांनी एकदा सीझनला राजेवाडीत उतरून खावं. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण फळ इतकं नाजूक की लांब पाठवायचं तर अर्धं कच्चंच तोडावं लागतं. आम्हाला डब्यात एका बाईने पाटीतून दिलं ते झाडावर पिकलेलं होतं, सालीला बारीक चिरा गेलेल्या, आत लालबुंद. सहा घेतली, बाबांनी चार खाल्ली.

जेजुरीला गड गाडीतून दिसतो. जोडपं उतरलं, डब्यातून कुणीतरी "येळकोट येळकोट" म्हणलं आणि अर्ध्या डब्याने "जय मल्हार" उत्तर दिलं, कांद्याचे भाव पण दोन सेकंद थांबले. मग दौंडज, वाल्हे (आजी उतरल्या, पिल्लं सुखरूप), नीरा. नीरा नदीत आषाढी वारीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालतात, पालखी पुणे जिल्ह्यातून सातारा जिल्ह्यात जाते ती इथूनच, आणि मग लोणंदला मुक्काम. कांदेवाले काका लोणंदला उतरले. लोणंदहून आता फलटणला पण रेल्वे जाते, २०१९ पासून. फलटणकरांनी किती वर्षं वाट बघितली असेल त्या गाडीची.

आणि मग आदर्की. खरं सांगायचं तर मला ह्या अख्ख्या प्रवासातला हा एक तास परत परत आठवतो. सालप्यापासून गाडी चढणीला लागते, डोंगराच्या अंगाने वळसे घेत जाते, वळणावर स्वतःचंच इंजिन खिडकीतून दिसतं, बोगदे लागतात. खाली सोडलेला रूळ थोड्या वेळाने पायाशी दिसतो, मग कळतं की आपण एवढं वर आलो. आदर्कीला आमची गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली, क्रॉसिंग. बऱ्याच भागात आता दुहेरीकरण झालंय तरी पॅसेंजरचं थांबणं काही पूर्ण गेलेलं नाही, मागून एक्स्प्रेस येत असेल तर हिला बाजूला व्हावंच लागतं. कुणी सांगत नाही किती वेळ. लोक खाली उतरले, कुणी तंबाखू मळली, कुणी नळावर बाटल्या भरल्या, दोन पोरं फलाटावर टेनिस बॉलने खेळायला लागली. आवाज म्हणाल तर वारा आणि कुठेतरी टिटवी.

आम्ही डबा काढला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कोरडं भरीत आणि दही, दही मी स्टीलच्या फिरकीच्या डब्यात नेलं होतं. फलाटावरच्या बाकावर झाडाच्या सावलीत बसून जेवलो. बाबा जेवताना बोलत नाहीत कधी, त्या दिवशी बोलले. म्हणाले कोळशाच्या इंजिनाला हा घाट चढताना असा दम लागायचा की आम्ही पोरं इंजिनाच्या तालावर म्हणायचो, "जाऊ का नको, जाऊ का नको," आणि माथ्यावर आलं की "आलो बघ, आलो बघ." मी ३८ वर्षांची आहे आणि हे मी पहिल्यांदा ऐकलं. घरात, कारमध्ये, हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये आम्ही दोघं किती तास बरोबर असतो, पण तिथे हे निघालं नाही. लूपवर उभ्या गाडीशेजारी निघालं. पंचवीस-एक मिनिटांनी एक्स्प्रेस धाडधाड करत गेली, बाबांनी तिला हात केला, आणि मग आमचा सिग्नल पडला.

वाठार स्टेशनला बाबांनी दाखवलं, पूर्वी महाबळेश्वर-पाचगणीला जाणारे साहेब लोक इथे उतरायचे आणि इथून टांग्याने पुढे वाई करत वर जायचे. आता महाबळेश्वरला निघालेल्या गाड्या वाठारचं नाव पण घेत नाहीत. पुढे सातारा, म्हणजे माहुली, शहर तिथून पाच-सहा किलोमीटर. कंदी पेढे घेतले, ते घ्यायलाच लागतात. मग कोरेगाव, जिथला वाघ्या घेवडा, आमच्याकडे आमटी फक्त त्याचीच होते, आणि दुपारी दोन वाजून गेल्यावर रहिमतपूर.

रहिमतपुरातून औंधला वडापने, म्हणजे शेअर जीपने गेलो. मास्तर म्हणून बाबांच्या ओळखीतले एकजण औंधात राहतात, त्यांच्याकडे सामान टाकलं, चहा घेतला आणि सरळ संग्रहालय. ते यमाईच्या डोंगराच्या अर्ध्या वाटेवर आहे, गाडी वरपर्यंत जाते, त्यामुळे गुडघेवाल्यांनी घाबरू नये. सोमवारचं सोडून जा आणि वेळा आधी विचारून घ्या.

औंधबद्दल थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. हे ७२ गावांचं छोटंसं संस्थान. आणि ती ७२ गावं पण एका जागी नाहीत, औंध इथे, आटपाडी तिकडे, कुंडल खाली सांगलीच्या बाजूला, एक तुकडा तर पार विजापुराकडे. नकाशावर शिंतोडे उडाल्यासारखं दिसतं. इथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. स्वतः चित्रकार, कीर्तनकार, रोज सूर्यनमस्कार घालणारे आणि सगळ्या संस्थानाला घालायला लावणारे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठी मदत दिली. १९३८ मध्ये हे संग्रहालय उभं केलं, कारण त्यांना वाटत होतं की ज्या लोकांना मुंबई-युरोपला जाता येणार नाही त्यांनी पण चांगली चित्रं बघावीत. म्हणून एका डोंगरावर, शेतकऱ्यांच्या मुलखात, राजा रवि वर्मांची अस्सल चित्रं टांगलेली आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, आणि हेन्री मूरचं दगडातलं आई आणि मुलाचं शिल्प आहे. हेन्री मूर! लंडनच्या म्युझियममध्ये लोक ज्याच्यासमोर उभे राहतात तो. मी त्या शिल्पासमोर बराच वेळ उभी होते. खोलीत आम्ही दोघं, एक गार्ड आणि एक शाळेची सहल, मास्तरीणबाई मुलांना सांगत होत्या "हात मागे, हात मागे." बाबा म्हणाले मी आठवीत असाच हात मागे घेऊन आलो होतो.

आणि १९३९ मध्ये ह्याच राजाने गांधीजींच्या सल्ल्याने सगळा कारभार गावपंचायतींच्या हातात देऊन टाकला. मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा एक पोलिश इंजिनिअर, हे त्यात पुढे. देश स्वतंत्र व्हायच्या आधी आठ वर्षं. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला बिनभिंतीचा तुरुंग सुरू झाला तो त्याच वर्षी. एवढं सगळं झालेलं गाव आज इतकं शांत आहे की संध्याकाळी सातला बाजारपेठेत फक्त एक पिठाची गिरणी चालू होती. मला त्याचं वाईट वाटलं. औंधला येणारे लोक यमाईला येतात, दर्शन घेतात आणि जातात, संग्रहालयाचा फाटा ओलांडून. यमाईला जरूर जा, जोतिबाने तिला "ये माई" अशी हाक मारली म्हणून यमाई, गावातल्या देवळासमोरची दीपमाळ मान मोडून बघावी लागते एवढी उंच. पण वाटेत अर्धा तास संग्रहालयासाठी ठेवा, कळकळीने सांगतेय. आणि गाणं आवडत असेल तर दिवाळीच्या आधी जा, शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ अंतूबुवा जोशींनी १९४० मध्ये सुरू केलेला संगीत महोत्सव अजून होतो, रात्रभर, जमिनीवर बसून.

रात्री मास्तरांकडे घेवड्याची आमटी, भात, खर्डा. मास्तर आणि बाबा अंगणात साडेअकरापर्यंत बोलत होते.

रविवारी सकाळी डोंगरावर यमाईचं मूळपीठ, दुपारी वडापने परत रहिमतपूर, आणि आदल्या दिवशीचीच पॅसेंजर, म्हणजे तिची आजची फेरी. गार्ड वेगळा, गर्दी वेगळी. रविवार असल्यामुळे उभ्याने जावं लागेल असं वाटलं पण एका कॉलेजच्या पोराने बाबांना खिडकी दिली. तारगाव, मसूर, शिरवडे, कराड.

कराड स्टेशन कराडात नाहीये, ओगलेवाडीला आहे. ओगलेवाडी नाव कशावरून, तर ओगले बंधूंचा काचकारखाना, १९१६ चा. प्रभाकर कंदील ऐकलाय ना? तुमच्या आजीच्या घरात नक्की होता. तो इथला. वीज नव्हती तेव्हा महाराष्ट्रातली किती पोरं त्या कंदिलाखाली शिकली असतील. कारखान्याला आधार कुणाचा, तर औंधच्या राजाचा, कारण हा पण त्या शिंतोड्यांपैकीच एक भाग. आणि आम्ही निघालो होतो किर्लोस्करवाडीला, ती पण औंधातलीच. तिथे कुठेतरी माझ्या डोक्यात पेटलं की कालपासून आपण ज्या रुळावरून चाललोय तो ह्या विखुरलेल्या संस्थानाचे तुकडे एका दोऱ्यात ओवत चाललाय. हायवेने आलो असतो तर औंध एक ट्रिप, कराड एक जेवणाचा हॉल्ट, किर्लोस्करवाडी एक बोर्ड. पॅसेंजर प्रत्येक ठिकाणी थांबते, नाव वाचायला दोन मिनिटं देते, आणि मग दोन नावं आपोआप जोडली जातात. मी बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "अगं ते लोक असेच जोडलेले होते. कारखान्याला रूळ लागतो. कच्चा माल यायचा कसा?" बरोबरच आहे की.

कराड सुटलं की शेणोली. इथे बाबांनी टोपी काढली. ७ जून १९४३ ला पुण्याहून मिरजेला जाणारी गाडी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवली, रुळावर दगड रचून, आणि ब्रिटिश सरकारचे पगाराचे पैसे काढून घेतले. कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, आणि त्यांचे साथीदार. ते कुंडलचे. नाना पाटलांचं प्रतिसरकार ह्याच पट्ट्यात चाललं, स्वतःची न्यायदानाची पद्धत, स्वतःचा कारभार, १९४३ ते ४६. कॅप्टन भाऊ २०२२ पर्यंत आपल्यात होते, हे लक्षात घ्या, इतकं जवळचं आहे हे सगळं. आणि कुंडल औंध संस्थानात होतं, त्यामुळे ब्रिटिश पोलिसांना तिथे थेट शिरणं सोपं नव्हतं. परत तोच दोरा. आमची आजी शेणोलीवरून गाडी जाताना हात जोडायची, बाबा सांगत होते. लहानपणी त्यांना वाटायचं इथे देऊळ असेल म्हणून ते देऊळ शोधायचे. समोर बसलेल्या एका माणसाने, पन्नाशीचा असेल, हे ऐकलं आणि म्हणाला, "माझ्या आजोबांनी भाकरी पोचवल्यात त्यान्ला. उसात." एवढंच बोलला आणि परत खिडकीबाहेर बघायला लागला. मी पुढे काही विचारणार होते पण बाबांनी डोळ्यांनीच नको म्हणलं.

भवानीनगर गेल्यावर बाबा उठून दारात जाऊन उभे राहिले. मी मागे, त्यांच्या शर्टाला धरून, अगदी लहान मुलाला धरतात तसं. दोन्ही बाजूला ऊस, तोडणी चालू, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या फाटकाला थांबलेल्या. डावीकडे सागरेश्वरचे डोंगर. त्या उघड्याबोडक्या डोंगरावर धों. म. मोहित्यांनी लोकांना बरोबर घेऊन झाडं लावली, हरणं आणली, १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. बाबा म्हणाले मी बघितलाय तो डोंगर नुसत्या दगडांचा.

आणि ताकारी. गाडी थांबली.

मला वाटलं होतं बाबा उतरतील, काहीतरी होईल. ते एक पाय फलाटावर आणि एक पाय पायरीवर ठेवून उभे राहिले. फलाट आता उंच झालाय, नवीन शेड आहे, वरती विजेच्या तारा. त्यांच्या ओळखीचं काहीच उरलं नव्हतं बहुतेक. दोन बायका गवताचे भारे घेऊन डब्यात चढल्या, एक मुलगा सायकल घेऊन उतरला. बाबांनी त्या मुलाला विचारलं, "पाण्याची टाकी होती इकडं, इंजिनाची?" मुलाला माहीत नव्हतं, पण त्याने वळून शोधायचा प्रयत्न केला, मला ते फार आवडलं. भोंगा झाला, बाबांनी फलाटावरचा पाय उचलला. दीड मिनिट असेल सगळं मिळून. जागेवर येऊन बसल्यावर म्हणाले, "थांबते अजून. मला वाटलं ताकारीला बंद केली असेल."

किर्लोस्करवाडीला उतरलो. ह्या स्टेशनाचं पूर्वीचं नाव कुंडल रोड. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातली जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेबांनी त्यांना संस्थानात कुठेही जागा निवडा म्हणून सांगितलं, आणि लक्ष्मणरावांनी निवडला हा माळ. ३२ एकर, निवडुंग आणि नागसापांचा. का निवडला? रेल्वे स्टेशन शेजारी होतं म्हणून! लोखंडी नांगर इथे तयार झाले आणि ह्याच रुळावरून गेले. सुरुवातीला शेतकरी ते घ्यायचे नाहीत, लोखंडाने जमीन नासते असा समज होता. आणि ह्याच माळावरून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर' मासिक सुरू केलं, १९३० मध्ये 'स्त्री'. माझी आजी, तीच ती हात जोडणारी, जेमतेम चौथी शिकलेली, 'स्त्री'चे जुने अंक मागून आणून वाचायची. ते अंक तिच्यापासून एका स्टेशनावर छापले जात होते, हे तिला माहीत असेल का, मला नेहमी वाटतं.

आम्ही वसाहतीच्या बाजूने हळूहळू चालत एक चक्कर मारली, जुनी मोठी झाडं आहेत, रस्ते सरळ आखलेले. एका टपरीवर चहा आणि भडंग. टपरीवाल्याने विचारलं पाव्हणं कुठलं, बाबांनी पुणे सांगितलं नाही, ताकारी सांगितलं. "मग घरचंच की," तो म्हणाला आणि चहाचे पैसे घ्यायला तयार होईना, शेवटी भडंगाच्या पुड्यात मिळवून दिले.

जाणार असाल तर दोन-तीन गोष्टी. वेळापत्रक निघायच्या आदल्या दिवशी बघाच, बदलत असतं, आणि उशीर धरूनच चला, पुढची बस पकडायचीय वगैरे ठेवू नका. पाणी आणि डबा घरचा. पुण्याहून जाताना घाटात दोन्हीकडे बघण्यासारखं आहे त्यामुळे खिडकी कुठलीही मिळाली तरी चालेल. वयस्कर माणूस बरोबर असेल तर एखादी उशी घ्या, बाकाला पाठ लागते. आणि परतीचं एक्स्प्रेसचं रिझर्वेशन करून ठेवा, जाताना जो वेळ हवासा वाटतो तो रविवारी रात्री अंगाला जड होतो.

आमची एक्स्प्रेस संध्याकाळी वेळेवर आली. स्लीपरच्या खालच्या बर्थवर बाबा चपला काढून मांडी घालून बसले, मी भडंगाचा पुडा फोडला. बाहेर अंधारायला लागलं होतं. किर्लोस्करवाडी सुटून थोडा वेळ झाला आणि बाबांनी काही न बोलता पाय खाली सोडले, चाचपडत चपला घातल्या आणि खिडकीशी सरकले. ताकारी आलं आणि गेलं, दिवे, एक बोर्ड, परत ऊस, पाच-सात सेकंद. बाबा थोडा वेळ तसेच बसून राहिले. मग चपला काढल्या, पाय वर घेतले आणि म्हणाले, "थर्मासमध्ये चहा आहे का गं उरलेला?"